खोडावरची खरूज

कल्याणप्पा खुरप्यानं दारातल्या कडुलिंबाचं खोड खरडत होता आणि झाडालाच शिव्या घालत होता. "आजच खरूज व्हायची होती व्हय रं तुला? आज ती यायलीय!"

ती म्हणजे शांताक्का, त्याची बायको. तुळजापुरात सोसायटीच्या ज्या तेलगिरणीत कल्याणप्पा भट्टी पेटवायचा, तिचाच धूर त्याच्या दारात उतरायचा. लुगडी घरात वाळत घालावी लागायची, बाहेर घातलं की संध्याकाळपर्यंत काळं. शांताक्काला दमा जडला आणि बिचारी जळकोटला भावाकडं गेली ती तिथलीच झाली. सणावाराला यायची, खोकत परत जायची.

मग एकदा सभासदांच्या सभेत, जन्मात चार माणसांत तोंड न उघडलेला हा गडी उठून उभा राहिला. "माझ्या भट्टीच्या धुरानं माझीच बायको घर सोडून गेली," एवढंच म्हणाला आणि मटकन खाली बसला. त्यानंतर चेअरमननी धुरांडं उंच करून घेतलं, ओली टरफलं जाळणंही बंद केलं. त्यालाही आता काही वर्षं लोटली होती. यंदा शांताक्कानं निरोप धाडला होता, येऊन बघते, सोसलं तर राहते.

आणि नेमके आत्ताच झाडाला हे राखाडी-हिरवे डाग! दारातलंच झाड रोगट दिसलं तर ती कशाला थांबतीय? हात पोचला तिथवर त्यानं खरडलं आणि वर गेरू-चुना फासला.

शांताक्का आली ती पिशवी काखेत तशीच धरून झाडापाशी थबकली. खाली पडलेला चुरा तिनं चिमटीत घेतला.

"अवो, हे काय केलंत?"

"रोग पडला होता. काढला म्या."

"अय्यो, रोग कुठला! ही दगडफुलाची जात. भावाच्या चिंचंवर लई हाय. भाचीचे मास्तर सांगत होते, घाण हवेत ही जगतच न्हाय. इथं कधी बघितली होती का आपण?"

कल्याणप्पाचं तोंड एवढंसं झालं. हवा सुधारल्याची खूण त्यानं आपल्याच हातानं खरडून टाकली होती.

"समदी काढली की गं म्या," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

शांताक्कानं मान वर केली. त्याचा हात पोचला नव्हता तिथं, वरच्या बेचक्यात, दोन डाग शिल्लक होते. तिनं छाती भरून श्वास घेतला. खोकला आला नाही.

"पुन्हा धरंल खाली," ती हसून म्हणाली. मग एसटीच्या धुळीनं मळलेलं लुगडं तिनं बदललं, धुतलं, पिळलं आणि बाहेर, लिंबाखालच्या दोरीवर वाळत घातलं.