बाभळीचा कोपरा

ऐका, मी एक ओढणी आहे आणि मला तक्रार करायची आहे. माझा तांडा चौसाळ्याच्या वरच्या माळावर.

मला चंद्रभागाबाईंनी शिवलं. लाल कापडावर पिवळ्या धाग्यानं माळावरचा तरवड भरला आणि मला पांघरून त्या लग्नाला उभ्या राहिल्या. त्यांच्या थोरल्या लेकीनं आपटा भरला, धाकट्या लेकीनं, बायनाबाईंनी, पळस. या बंजारा घरची रीतच तशी. लग्नाआधी मुलीनं आपल्या माळावरचं एक झाड माझ्यावर भरायचं. तिच्या जागेत दुसऱ्या कुणी सुई घालायची नाही. शेवटचा, चौथा कोपरा बायनाबाईंच्या लेकीसाठी, संस्कृतीसाठी, मोकळा होता.

"मी बाभूळ भरणार," संस्कृती म्हणाली.

"काट्यानं संसार मांडतीस का गं?"

"मंग? सासूबाई जरा दबकून राहतील."

बायनाबाई पोट धरून हसल्या.

त्याच आठवड्यात गेवराईचे पुढारी अमरसिंह मला लोककलेच्या प्रदर्शनाला घेऊन गेले. काचेआड टांगलं. खाली पाटी लावली, 'अज्ञात कलाकार'. अज्ञात? बायनाबाई पाटीसमोर उभ्या होत्या! नाव विचारायला काय लागतं? तोंड लागतं, तेवढंच.

घरी परतले तेव्हा माझ्या मोकळ्या कोपऱ्यात मशीननं भरलेला गुलाब होता. आमच्या माळावर गुलाब कधी उगवलाच नाही.

"मावशी, तेवढंच मोकळं दिसत होतं. म्हणलं पूर्ण करून द्यावं. लई भारी झालंय," अमरसिंह खुशीत म्हणाले.

"दादा, तुमच्या पोरीच्या हळदीला माझी पोरगी पाटावर जाऊन बसली तर चालंल का? पाट मोकळा दिसला म्हणून?"

अमरसिंहांचं हसू मावळलं. माणूस दुष्ट नव्हता. विचारायची सवय नव्हती.

संस्कृती गुलाब उसवायला बसली. माझं कापड जुनं, मशीनचे टाके दाट. गुलाब निघाला आणि त्याच्याबरोबर मीही फाटले.

"ठिगळ लाव, त्याच्यावर भर," बायनाबाई म्हणाल्या.

"ठिगळ न्हाई. फाटलंय त्याच्या भवती भरते. दिसू दे."

परवा तिचं लग्न झालं. बाभळीच्या फांद्यांमधून ते भोक सगळ्यांना दिसलं. कुणी विचारलं की बायनाबाई कुणाचंही नाव न गाळता सगळी हकीकत सांगत होत्या.

आता मी संस्कृतीच्या पेटीत असते. मला बघायला जरूर या. कुणी काय भरलं ते विचारा, चहा घ्या. सुई तेवढी घरी ठेवून या.