डाव्या हाताचे बाहुले

डिसेंबर लागला की उत्तर डकोटातल्या त्या गावच्या शाळेत सगळे नाताळच्या तयारीला लागत, पण नाताळचं नाव मात्र कोणी काढत नसे. काही वर्षांपूर्वी कोणा पालकाने तक्रार केली होती. तेव्हापासून हेडमास्तर कॉर्स्मो सरांचा हुकूम होता की वर्गाबाहेरच्या बोर्डांवर फक्त हिवाळा लावायचा. सांताक्लॉज नको, तारा नको, लाल आणि हिरवा रंग शेजारी शेजारी नको. मग उरले बर्फाचे बाहुले. खिडकीबाहेर कंबरभर बर्फ पडलेला असे आणि आत मास्तरीणबाया निळ्या कागदावर कापसाचा बर्फ चिकटवत असत. यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

सजावटीची स्पर्धा होई. बक्षीस म्हणजे चषक नव्हे की पैसे नव्हेत. शाळेच्या दाराला लागून मोटार उभी करायची एक जागा होती आणि तिच्याशेजारच्या खांबावर विजेची सोय होती. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून मोटार तिथे तारेने जोडून ठेवता येई. ज्या बाईंचा बोर्ड पहिला येईल, त्यांना सुट्टीनंतर बर्फ वितळेपर्यंत ती जागा. बाकीच्यांनी मैदानापलीकडे कुंपणाशी मोटार लावायची आणि वारा अंगावर घेत चालत यायचं.

दुसरीच्या वर्गाच्या अर्लिसबाई ट्वेट यांना ती जागा हवी होती. त्यांचा उजवा गुडघा दोन हिवाळ्यांपासून कुरकुरत होता. कुंपणापासून दारापर्यंत येताना त्या लंगडत, आणि ते लंगडणं कॉर्स्मो सरांच्या खिडकीतून स्वच्छ दिसे.

"अगं, सरांना सरळ सांग की गुडघा दुखतो म्हणून," त्यांचा नवरा ऑरिन म्हणे. "देतील जागा."

"जागा देतील, आणि पाठोपाठ निरोपाचा केकही देतील," अर्लिसबाई म्हणत. "पलीकडच्या वर्गाच्या मार्गारेटने कंबर दुखते म्हणून खुर्ची मागितली होती. तिला इतक्या प्रेमाने घरी बसवलं की बिचारी आभार मानत गेली. मला घरी बसायचं नाही, ऑरिन. घरी तू आहेस."

"हेही खरंच," ऑरिन म्हणाला.

आदल्या वर्षी बक्षीस समोरच्या वर्गाच्या टेसाला गेलं होतं. टेसा तरुण, उत्साही आणि शाळेच्या अगदी समोरच राहणारी. ती रस्ता ओलांडून चालत शाळेत येई. मोटार तिच्याकडे नव्हतीच. ती जागा सबंध हिवाळाभर रिकामी राहिली आणि अर्लिसबाई रोज तिच्या बाजूने लंगडत गेल्या. तिथे 'उत्कृष्ट बोर्ड' अशी पाटी होती. पाटीवरही बर्फ साचला होता.

परीक्षक असत गुडमंडसन आजी. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पियानो शिकवला होता आणि त्या चटकन रडत. गेल्या वर्षी अर्लिसबाईंच्या बोर्डापुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, "छान आहे हं. फार नीटनेटकं. पण बाई, यात मूल कुठे दिसत नाही. हे सगळं तुम्हीच केलंत ना?"

अर्लिसबाईंच्या कानशिलाला चटका बसला होता. एकाही बाहुल्याला त्यांनी हात लावला नव्हता. मुलांनीच केले होते. दोष इतकाच की अर्लिसबाई ऑक्टोबरभर मुलांना कात्री धरायला शिकवत. कात्री हलवायची नाही, कागद फिरवायचा. रेषेवर कापायचं, रेषेच्या आत नाही, बाहेरही नाही. नाक मध्यभागी. गोंद ठिपक्याएवढा. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेलं पोर पुढे आयुष्यात काहीही करो, वर्तुळ मात्र गोल कापे.

यंदा त्यांनी वेगळं ठरवलं. एका सकाळी कागद वाटून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आज जरा वेडंवाकडं कापा बरं."

मुलांनी कात्र्या खाली ठेवल्या.

"म्हणजे कसं, बाई?" सोल्व्हेगने विचारलं. ती वर्गातली सगळ्यात नेटकी मुलगी. तिच्या पेन्सिलींनासुद्धा रांगेची शिस्त होती.

"म्हणजे मनाला येईल तसं. मोकळं."

"पण रेषा कुठेय?"

"रेषा नाही आज."

सोल्व्हेगच्या ओठांना कापरं सुटलं. "तुम्हीच म्हणता, रेषेवर कापा."

"बाई, तुम्हाला बरं नाही का?" मागून अँडर्सने काळजीने विचारलं. त्याची आई दवाखान्यात कामाला होती, त्यामुळे तो सगळ्यांना हेच विचारत असे.

मुलांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. पण पोरं पेन्सिलीने हळूच गोल आखून घेत आणि मग त्या रेषेवर कापत. शेवटी टेबलावर बाहुल्यांची रास पडली. सगळे गोल, सगळ्यांची नाकं मध्यभागी, जणू एकाच साच्यातून पडलेले. अँडर्सने मुद्दाम एका बाहुल्याचा डोळा खाली लावला होता. घंटा व्हायच्या आत त्याच्याने राहवलं नाही आणि त्याने तो वर सरकवला.

रविवारी चर्चहून आल्यावर अर्लिसबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. कात्री उजव्या हातात घेतली तर हात ऐकेना, वर्तुळ गोलच निघे. मग त्यांनी कात्री डाव्या हातात घेतली.

ऑरिन कॉफी प्यायला आला आणि तिथेच उभा राहिला. टेबलावर एक बाहुला पडला होता. डोकं बटाट्यासारखं, धड एकीकडे कललेलं, नाक कानाच्या जागी.

"हा कोण? तुझा भाऊ का?"

"गप्प बस. त्याला अजून टोपी घालायचीय."

"टोपी कशाला? याला डॉक्टरला दाखव." त्याने बाहुला उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "पण खरं सांगू, अगदी पोराच्या हातचा वाटतो. आपल्या लेकाने केला होता तसा. तू तो तेव्हा फ्रिजवर लावण्याआधी नीट करून घेतला होतास."

अर्लिसबाईंनी पुढचा कागद घेतला. संध्याकाळपर्यंत वर्गातल्या प्रत्येक मुलामागे एक असे बाहुले तयार झाले, एकाहून एक बिघडलेले. डाव्या हाताला पेटके आले होते, अंगठ्याला फोड आला होता. काही ठिकाणी त्यांनी गोंद मुद्दाम सांडून ठेवला. नावं मात्र त्यांनी कोणावरच घातली नाहीत. तेवढं धैर्य झालं नाही. सोमवारी मुलं यायच्या आत त्यांनी ते बोर्डावर लावले आणि मुलांचे खरे बाहुले पाकिटात घालून वर्गातल्या कपाटात ठेवले.

मुलं आली आणि बोर्डापुढे उभी राहिली. कोणी आपला बाहुला शोधत होतं, कोणी दुसऱ्याचा. कुणालाच काही सापडलं नाही.

"हे कोणी केले?" कोणीतरी हळूच विचारलं.

सोल्व्हेग पुढे झाली. तिने नाक कागदाला लागेपर्यंत जवळ जाऊन पाहिलं. मग वळून अर्लिसबाईंच्या हाताकडे पाहिलं. डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"तुम्ही केले, बाई?"

अर्लिसबाईंनी खोटं सांगायचं ठरवलं होतं, पण त्या डोळ्यांपुढे जीभ वळेना. "हो. मी केले. तुमचे नीट ठेवलेत कपाटात."

मुलं वर्गात गेली. अर्लिसबाई बाहेरच स्टेपलरशी खुडबुड करत उभ्या राहिल्या, आणि आतली कुजबुज त्यांना ऐकू आली.

"बाईंना कापता येत नाही," अँडर्स सांगत होता. "आपल्याला शिकवतात, पण स्वतःला येत नाही. माझ्या आजोबांचंही तसंच आहे, ते पोहायला शिकवायचे."

"कोणी हसायचं नाही," सोल्व्हेगचा आवाज आला. "आणि कुणाला सांगायचं नाही. बाईंना वाईट वाटेल."

गुरुवारी गुडमंडसन आजी आल्या. सोबत कॉर्स्मो सर होते. टेसाच्या बोर्डावर यंदा पेंग्विन होते, चकचकीत, संगणकातून छापून काढलेले. "सुंदर," आजी म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. अर्लिसबाईंच्या बोर्डाशी येऊन मात्र त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "अगं बाई, हे बघा! या नाकाकडे बघा. यात मूल आहे. हेच मी म्हणत होते."

त्या वर्गाच्या दारातून आत डोकावल्या. "मुलांनो, कोणी केलं रे हे?"

सगळा वर्ग आपापल्या बुटांकडे बघू लागला. सोल्व्हेगचे कान लाल झाले. एक पोरगं बोलायला तोंड उघडत होतं, त्याला अँडर्सने बाकाखालून लाथ घातली.

"आणि विनय किती!" गुडमंडसन आजींनी रुमाल काढला. "एकाने म्हटलं नाही की मी केलं. असं शिकवायला मन लागतं, कॉर्स्मो."

सरांनी मान डोलावली. अर्लिसबाईंनीही डोलावली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

सुट्टी संपली आणि जागा मिळाली. अर्लिसबाई दारापाशी मोटार उभी करत, तार खांबाला जोडत आणि दहा पावलांत आत येत. कॉर्स्मो सरांच्या खिडकीतून आता लंगडणं दिसत नसे. शाळेत मात्र त्यांची शिकवणी सुरू झाली होती. कागदकामाच्या तासाला सोल्व्हेग आपली खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी आणी.

"बाई, कात्री हलवायची नाही. कागद फिरवायचा."

"हं."

"घाई नका करू. हळूहळू येतं."

"मला नाही वाटत येईल," अर्लिसबाई म्हणत, कारण आता उजव्या हाताने नीट कापणं धोक्याचं होतं.

"असं म्हणायचं नाही," सोल्व्हेग दटावून म्हणे. "आपल्या वर्गात 'येत नाही' म्हणत नाहीत. 'अजून येत नाही' म्हणतात." हेही अर्लिसबाईंनीच शिकवलेलं होतं. त्या डाव्या हाताने कापत राहत आणि बाजूने एखादं पोर जाता जाता त्यांच्या पाठीवर थोपटून जाई.

तिकडचा बर्फ पिठासारखा कोरडा. मुठीत दाबला तरी गोळा वळत नाही. त्याचा बाहुला होत नाही. पण जानेवारीत एखादा दिवस असा येतो की वारा पडतो, पागोळ्या ठिबकतात आणि बर्फाला चिकटपणा येतो. तो दिवस आला तेव्हा ऑरिनने मोटार बॅटरी बदलायला नेली होती. दुपारी मुलं अर्लिसबाईंना हाताला धरून ओढतच बाहेर घेऊन गेली.

"कागदाचा जमत नाही तर खरा करून बघू, बाई," अँडर्स म्हणाला. "खरा सोपा असतो. कापावं लागत नाही."

चांगला बर्फ दाराजवळच्या ढिगात होता, आणि ढिगापुढे एकच सपाट मोकळी जागा होती, त्यांच्या मोटारीची. अर्लिसबाईंनी पाटीकडे पाहिलं. 'उत्कृष्ट बोर्ड.' त्या नुसतं 'इथे नको' म्हणाल्या असत्या तर काम झालं असतं. पण मग कोणीतरी 'का' विचारलं असतं, आणि ही जागा कशाबद्दल मिळाली ते सांगावं लागलं असतं.

"इथे करूया?" सोल्व्हेगने विचारलं.

"करा," अर्लिसबाई म्हणाल्या.

मुलांनी खालचा गोळा आणला, तो गोल होता. मधला अर्लिसबाईंनी उचलायचा असं ठरलं. गुडघा वाकेना, त्यामुळे गोळा हातातून निसटून खालच्या गोळ्याच्या कडेलाच बसला. डोकं ठेवताना सगळं एकीकडे कललं. गाजराचं नाक त्यांनी लावलं ते गालात गेलं. यात त्यांनी काहीच मुद्दाम केलं नव्हतं.

मुलं दोन पावलं मागे सरून बघत राहिली.

"अगदी बोर्डवरच्यासारखा," अँडर्स म्हणाला.

"छान आहे, बाई," सोल्व्हेग म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटत होतं.

रात्रीत थंडी पडली. सकाळी अर्लिसबाई मोटार घेऊन आल्या तर बाहुला दगड झालेला. शाळेची देखभाल करणाऱ्या लाव्हर्नने फावडं घातलं. फावडं उडून परत आलं.

"हा आता एप्रिलशिवाय हलत नाही," तो म्हणाला. "यंत्राने तोडू का? मुलं रडतील."

"राहू दे," अर्लिसबाई म्हणाल्या आणि मोटार कुंपणाशी घेऊन गेल्या.

त्याच वेळी कुंपणाशी शाळेची बस थांबली. सोल्व्हेग उतरली, अँडर्स उतरला, पाठोपाठ बाकीची पोरं. बाईंना पाहून सगळी त्यांच्याभोवती जमली. दोघांनी त्यांचे दोन हात धरले. "बाई, बर्फावर हळू चाला, घसराल," अँडर्स म्हणाला. सगळा घोळका हळूहळू मैदान ओलांडून निघाला. एवढ्या लहान पावलांच्या मुलांबरोबर कोणीही तसंच चाललं असतं, लंगडणं त्यात वेगळं दिसत नव्हतं. रोज असंच चालू राहिलं.

फेब्रुवारीच्या सभेत कॉर्स्मो सर उभे राहिले. "मी रोज खिडकीतून बघतो," ते म्हणाले. "दाराशी हक्काची जागा असून अर्लिसबाई मुलांना घ्यायला कुंपणापर्यंत जातात. आपली जागा मुलांच्या बाहुल्याला दिली. म्हणून मी ठरवलंय की पुढच्या वर्षीपासून बसवरची सकाळची ड्यूटी कायमची त्यांच्याकडे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टेसाने सगळ्यात जोरात. अर्लिसबाईंना आधी 'कायमची' ऐकू आलं, म्हणजे रोज कुंपणापासून चालत. मग 'पुढच्या वर्षीपासून' ऐकू आलं, म्हणजे पुढच्या वर्षीही त्या शाळेतच.

त्या संध्याकाळी घरी जाताना त्या बाहुल्यापाशी थांबल्या. गाजर अजून गालातच होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं. मग दोन्ही हातांनी नाक धरून मध्यभागी आणायला पाहिलं. ते हललं नाही. त्यांनी थोडा जोर लावला, मग हातमोजे झटकले आणि कुंपणाकडे निघाल्या.