एका जागेचे दोन पाठ

संघरत्नाने डस्टर उचललं आणि तिचा हात फळ्यासमोरच थांबला. अनिकेतचा पाठ नुकताच संपला होता आणि त्याचं वाक्य फळ्यावर तसंच होतं: ‘नो सूनर डिड द बेल रँग दॅन द चिल्ड्रन रॅन.’ घंटा वाजते न वाजते तोच मुलं पळाली.

अनिकेत, म्हणजे तिचा नवरा, मागच्या बाकावर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशेजारी बसला होता. मुरबाडच्या त्या शाळेत इंग्रजीची एकच जागा आणि शेवटी उमेदवार उरले हे दोघंच. सकाळी शहापूरहून मोटारसायकलवर येताना त्यांनी ठरवलं होतं, जागा कुणालाही मिळो, घरात रुसवेफुगवे नकोत. बोलायला काय जातं! विषयही दोघांना एकच दिला होता: इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्त्याच्या आधी कधी येतं.

तिने मुकाट्याने फळा पुसला, तेच वाक्य पुन्हा लिहिलं, ‘रँग’चं ‘रिंग’ केलं आणि लगेच पुढच्या उदाहरणाकडे वळली. कुणाच्या लक्षात येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्या बाकावरच्या सुंदराच्या ते लक्षात आलंच.

“बाई, सरांनी रँग लिवलं, तुमी रिंग. आमी कुठला धरायचा?”

मागे अनिकेत वहीतून मान वर काढेना. इकडे आड, तिकडे विहीर. रिंग म्हणावं, तर नवऱ्याची चूक सगळ्यांसमोर उघडी पडणार; दोन्ही चालतं म्हणावं, तर ही पोरं दहावीच्या पेपरात तेच लिहिणार. तिला नवऱ्याचा राग आला, सुंदराचाही आला.

“रिंग धरा,” ती म्हणाली. “‘डिड’ कर्त्याच्या आधी आला ना, भूतकाळ त्याने दाखवला. मग क्रियापद मूळ रूपातच राहणार. आधीचं खोडा.”

वह्यांवर पेनं खरखरली. तिने मागे पाहायचं टाळलं आणि पाठ पुरा केला.

नंतर दोघांना कार्यालयात बोलावलं. संस्थेचे अध्यक्ष ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतले नव्हते.

“मॅडम, पाठ तुमचाच चांगला झाला, त्यात वाद नाय,” ते म्हणाले. “पण पगार शेवटी एकाच घरात जायचा. उद्या तुमचं बाळंतपण, रजा... म्हणून आमी सरांना घेतो. घरातलीच गोष्ट हाय. तुमची काय हरकत नाय ना?”

अनिकेत काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. तो बोटांवरचा खडू रुमालाने पुसत होता. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिला.

शिपायाने चहा आणून ठेवला. अध्यक्षांनी एक कप तिच्यापुढे सरकवला आणि होकार मिळाल्यासारखं पेनाचं टोपण काढलं.

“माझी हरकत आहे,” संघरत्ना म्हणाली. ते तिने नवऱ्याकडे बघून म्हटलं.