आग्या कड्याखाली

“ताई, हितनं पुढं नको,” म्हणत सोनबा वाटेतच उभा राहिला.

हिर्डोशीच्या वरची ती दरी शेफालीला पाहताक्षणी आवडली होती. ऐतिहासिक सिनेमासाठी जागा शोधत ती आणि कॅमेरावाला स्वरूप तीन दिवस भोर-वेल्ह्याचे डोंगर तुडवत होते. विजेचा एकही खांब न दिसणारी जागा आज प्रथमच मिळाली होती. वाट दाखवायला सरपंचांनी सोनबाला धाडलं होतं. गावच्या टाकीचं पाणी सोडणारा हा साठीचा माणूस दोन तासांत दहा शब्दही बोलला नव्हता.

“का? काय आहे पुढे?”

सोनबाने वर न बघताच कड्याकडे हात केला. कपारीला सुपाएवढाली काळी मोहोळं लोंबत होती.

“आग्या माश्या हायेत. माझा धाकला भाऊ, धनाजी, मध काढाया उतरला हुता. वर दोर म्या धरलेला. माश्या उठल्या आन् म्या दोर सोडून पळालो.” त्याने ओठांवरून जीभ फिरवली. “बावीस वर्सं झाली. तवापास्नं हिकडं फिरकलो न्हाई.”

“मग आज का आलात, काका?”

“सरपंचांनी सांगितलं. भ्या वाटतं म्हनायची लाज वाटली.”

“आपण इथूनच बघू,” म्हणत स्वरूपने ड्रोन उडवला.

“वर नका न्हेऊ, सायेब!”

“एकच फेरी, काका. काही होत नाही.”

घरघर कड्याशी गेली. एक मोहोळ थरथरलं आणि बघता बघता खडकावरून ओघळून हवेत पसरलं. स्वरूप वाटेच्या तोंडाशी उभ्या केलेल्या जीपच्या दिशेने धावत सुटला. सोनबाही पळाला. वीसेक पावलं गेला असेल, तोच मागे शेफाली ठेचकाळून पडली आणि किंचाळली.

तो थांबला. क्षणभर त्याला पुढेही जाता येईना, मागेही. मग तो उलटा फिरला. तिच्या अंगावर त्याने आपल्या खांद्यावरची घोंगडी टाकली आणि उघड्या डोक्याने तिच्यावर ओणवा झाला.

“हलू नका. वरडू नका.”

घोंगडीखालच्या अंधारात शेफालीला त्याचं लटलट कापणारं अंग जाणवत होतं. त्याच्या तोंडून एकच नाव येत होतं, “धना... धना...”

दुपारी भोरच्या दवाखान्यात नर्स चिमट्याने त्याच्या मानेतले काटे काढत होती. इंजेक्शनं देऊन झाली होती. आडवं व्हायला सांगितलं तरी तो स्टुलावर ताठ बसून होता. डोळे सुजून पार मिटले होते.

“त्या ताईला किती चावल्या?” त्याने विचारलं.

“दोन,” नर्स म्हणाली. “ठीक आहेत त्या. इथंच उभ्या आहेत.”

“दोनच?”

“दोनच, काका,” शेफाली म्हणाली.

सोनबाने हाताने भिंत चाचपली आणि पहिल्यांदाच पाठ टेकली.

“लई भ्यालो हुतो,” तो हळूच म्हणाला.