सासूबाईंच्या डोक्यावरची झडप

"माझे पेशंट थुंकायच्या आधी विचारतात तरी," जावई पुटपुटला आणि कानात शिरलेलं पाणी करंगळीने काढू लागला.

वर बोटीच्या डेकवर पाण्याचा पाइप धरून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला केबिनच्या छतातल्या बंद झडपेतूनही ते ऐकू गेलं. जिथून पाणी खुशाल आत येतं तिथे आवाजाला कोण अडवणार? ती हसली आणि तिने पाइप वीतभर पुढे सरकवला.

जावई दातांचा डॉक्टर. आज सुट्टीच्या दिवशी तो सासऱ्यांच्या जुन्या शिडाच्या बोटीत, केबिनमधल्या झोपायच्या अरुंद बंकावर उताणा पडला होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खडू. बायकोने वरून डेकचा एकेक भाग भिजवायचा, याने खाली थेंब दिसला की छतावर खूण करायची. उद्या एक गिऱ्हाईक बोट बघायला येणार होतं, आणि त्याआधी ही किरकोळ गळती काढा, असं सासऱ्यांनी सांगितलं होतं.

बोट का विकताय, असं कोणी विचारलं की सासरे एकच उत्तर देत. हिला समुद्र मानवत नाही, एकट्याने कुठवर हिंडायचं? हे ते हसून सांगत. पण हल्ली हसून झालं की चष्मा काढून पुसत बसत.

सासूबाई खरंच कैक वर्षांत बोटीवर मुक्कामाला आल्या नव्हत्या. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी कुंड्यांना पाणी कोण घालणार. खरं कारण सासरे सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आत्ता ते जावयाच्या नाकासमोर होतं.

छतभर पुट्टीचे गोळे होते. पांढरे, पिवळट, राखाडी, आणि त्यांवर सासऱ्यांच्या अंगठ्याचे ठसे. थेंब दिसेल तिथे आतून गोळा चिकटवायचा, ही त्यांची पद्धत. पाणी बिचारं वरून केव्हाच आत आलेलं असे. इथली वाट बंद झाली की छताच्या पोटातून सरपटत दुसरीकडे निघे, आणि फिरून फिरून शेवटी सासूबाईंच्या उशीवर. त्या उशीच्या बरोबर वर असलेल्या झडपेच्या रबरावर तर सासऱ्यांनी सिलिकॉनचे इतके थर चढवले होते की ती नीट मिटायचंच विसरली होती.

पण बाबांच्या कामाला हात लावायचा नाही, हा त्या घरचा अलिखित नियम. कपाटाचं दार असो की मोरीतला नळ, बाबांनी दुरुस्त केलेली वस्तू सगळे जपून, थोडी तिरकी धरून वापरत.

तेवढ्यात छतावर पाण्याची रेघ चकाकली. जावयाने आतून ठोठावलं आणि आत्ता पाणी कुठे सोडतेस ते विचारलं. दोर बांधायच्या खुंटीवर, तुझ्यापासून चांगलं लांब, असं वरून उत्तर आलं. तो वर गेला, खुंटीचे स्क्रू काढले. भोकांतलं लाकूड ओलं आणि काळं पडलेलं.

जावयाचा चेहरा उजळला. ही तर रोजच्या ओळखीतली कीड! काळं झालेलं सगळं कोरून काढायचं, भोक कोरडं करायचं, इपॉक्सीने भरायचं, घट्ट झालं की त्यातच नवं भोक पाडायचं. कीड आत ठेवून वर चांदी भरण्यात काय अर्थ? तो शीळ घालत कामाला लागला. बायकोने बोटीला "आ करा" म्हणत ड्रिल त्याच्या हातात दिलं. धक्क्यावर स्टुलावर बसलेले सासरेही खुलले आणि घाबरू नको, दुखणार नाही, म्हणून बोटीला थोपटू लागले.

दुपार कलली तोवर डेक झाला. उरली झडप आणि आतले गोळे. ते खरवडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, नाहीतर आत कोंडलेलं पाणी बोट कुजवत राहिलं असतं. बायकोने डोळ्यांनी सुचवलं, तू सांग. त्याने भुवयांनी उत्तर दिलं, वडील तुझे आहेत. तिने ओठ दाबले. जावयावर कोण रागावतं?

"बाबा, ही झडप..." त्याने सुरुवात केली.

"मी स्वतः बसवलीय, जावईबापू. हलायची नाही."

"तेच म्हणत होतो. चांगलीच धरलीय."

बायकोने पाइप त्याच्या पायावर सोडला.

इतक्यात सासूबाई आल्या. हातात चहाचा थर्मास. बोटीतलं आपलं पांघरूण घरी न्यायचं होतं. धक्क्यावरून त्यांनी इतक्या सहज बोटीत पाय टाकला की दुखण्याची आठवण गुडघ्यालाही राहिली नसावी. केबिनमध्ये उतरून त्या बंकावर बसल्या, गोल खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. बोट डुलली तशा त्याही डुलल्या. मग वर न बघताच त्यांनी उशी उचलली आणि बंकाच्या एका कोपऱ्यात सरकवली.

मागोमाग उतरलेल्या जावयाने वर पाहिलं. छतावर बरोबर त्या कोपऱ्यापुरताच गोळा नव्हता.

सासरे शिडीच्या पायरीवर येऊन टेकले.

"घे बघून शेवटचं. तुला समुद्र मानवत नाही, मग ठेवून तरी काय करायची?"

सासूबाई उत्तर द्यायला पुढे झुकल्या, आणि झडपेच्या कडेला साचलेला एक टपोरा थेंब त्यांच्या चष्म्यावर येऊन आपटला.

जावयाने बॅटरी विझवली, जणू तेवढ्याने काही झाकलं जाणार होतं. वर बायकोच्या पावलांची चाहूल थांबली. सासूबाईंनी चष्मा काढला, बाहीला सावकाश पुसला, पुन्हा घातला.

"मला समुद्र मानवत नाही, असं कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? तुझा गुडघा, ते पाहुणे..." सासरे गडबडले. "मग इतकी वर्षं आली का नाहीस?"

सासूबाईंनी एकवार छताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि त्यांना हसू आवरेना.

"अहो, समुद्र मला छान मानवतो. तुमची पुट्टी मानवत नाही. ती सगळी जावईबापूंना खरवडू द्या, आणि त्या गिऱ्हाइकाला आत्ताच कळवा, बोट विकायची नाही म्हणून."