कडीच्या बंदुकीची किंमत

रामराव गेले त्याला दोन महिने झाले होते, आणि हसनाबादच्या त्यांच्या घरात तेवढे दिवस कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. पहिलं भांडण झालं ते बंदुकीवरून.

बंदूक कडीची होती. घोड्याखालची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली, की अडकित्त्यासारखा आवाज होई आणि पुढची गोळी नळीत जाई. गोळी असली तर. तसल्या गोळ्या मिळणं रामरावांच्या मुलीच्या, साधनाच्या जन्माआधीच बंद झालं होतं. निजामी संपली तेव्हा एका जहागीरदाराला तिच्या आजोबांनी बैलगाडीनं जालन्याच्या स्टेशनावर पोचवलं, त्याचं भाडं म्हणून ती घरात आली. गावात मात्र तिनं दोन वाघ मारल्याचं सांगत. कुणी रामरावांना विचारलं, तर ते दोनाचे तीन करत.

आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, बाकी काही साधनाला नको होतं. बंदूक हवी होती. दर खंडेनवमीला ते ती मांडीवर घेऊन खोबरेल तेल लावायचे आणि मग अनामिकेनं हळदीकुंकवाची बोटं ओढायचे. चाळीस वर्षांची बोटं एकावर एक बसून लाखेसारखी घट्ट झाली होती. सगळ्यात वरची गेल्या वर्षीची.

पण असली जुनी बंदूक लाखांत जाते, असं रखमाजीकाकांना त्यांच्या मुलानं, बबलूनं, मोबाईलवर दाखवलं होतं. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. वडिलोपार्जित बंदुकीत निम्मा वाटा त्यांचा. परवाना साधनाच्या नावावर व्हायचा, तर त्यांची सही लागणार होती.

"आधी किंमत कळू दे, मंग सही," काका म्हणाले. "लाखाची चीज अशीच द्यायची व्हय?"

जालन्याला न्यायला ठाण्यातून परवानगीची चिठ्ठी मिळाली. जायच्या आदल्या सकाळी काका ओसरीवर चिंच, राख आणि पॉलिश पेपर घेऊन बसले.

"हे काय, काका?"

"बैल बाजारात नेताना शिंगं घासत्यात का न्हाई? मंग!"

साधना कॉलेजात ग्रंथपाल होती. जुन्या वस्तूंवरची पुस्तकं तिनं नुसती कपाटात लावली नव्हती, वाचलीही होती. जुनं लोखंड घासलं, की किंमतही घासून जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. बोलली असती तर बंदूक लाखाची राहिली असती आणि विकली गेली असती. न बोलली, तर आप्पांची बोटं जाणार होती.

ती काकांसमोर बसली. "मी दस्ता धरते, तुम्ही घासा."

गेल्या वर्षीची बोटं दस्त्याच्या लाकडावर होती. तिनं त्यांच्यावर तळहात दाबून ठेवला.

"हात काढ की, तिथलं राह्यलं."

"सोडलं तर घसरेल, काका."

काका दुपारपर्यंत घासत होते. मधून मधून फुंकर मारून स्वतःचं तोंड त्यात बघत होते.

नव्या जालन्यात बंदुकांचं दुकान चालवणारे संघपाल वीस वर्षं फौजेत बंदुका दुरुस्त करून आलेले. काकांनी चादर उलगडली. बंदूक लग्नातल्या समईसारखी झळकली. संघपाल बघतच राहिले.

"नवीच वाटून राह्यली ना?" काका म्हणाले.

"बिलकुल. कालच घेतल्यागत."

त्यांनी कडी खाली-वर केली, भिंग घेतलं. "नळी आठ पैलूंची. कडी अस्सल. विंचेस्टर आहे, अमेरिकेची. सन अठराशे..." भिंग पुढे सरकलं, मागे आलं. "पुढचे आकडे कुठं गेले?"

"तिथं लई मळ होता. काढला."

"मळ न्हाई काका, साल होतं ते."

काकांनी चष्मा काढून पुसला, जणू दोष काचेचा होता. संघपालांनी समजावलं: नंबर खोल कोरलेला, म्हणून वाचला, परवान्याचं काम अडणार नाही. पण मूळ रंग गेला, कंपनीची अक्षरं गेली. काल सकाळी आणली असती, तर हौशी माणसानं लाखांत नेली असती. आज कुणी बारा हजार म्हणालं, तर चहा पाजून द्यावी.

काकांनी बंदूक परत चादरीत गुंडाळली. मग म्हणाले, "आण कागद. तूच ठेव, साधना."

त्यांनी पेन उचललं. घासून घासून सुजलेल्या बोटांत ते नीट बसेना. साधनानं ती बोटं पाहिली आणि तिला राहवलं नाही.

"काका, थांबा. घासल्यानं किंमत जाते, हे मला ठाऊक होतं."

"कधीपास्नं?"

"तुम्ही बसलात तेव्हापासून."

"अन् समोर बसून दस्ता धरलास?"

"हो."

संघपाल उगाच एक ड्रॉवर उघडून त्यात बघत राहिले.

"डिट्टो बाप," काका शेवटी म्हणाले. "पत्त्यात असाच बसायचा. हातात एक्का, अन् तोंड मेलेल्या माणसासारखं..."

काय बोललो, ते कळून त्यांनी जीभ चावली. साधनाला आधी हसू आलं, मग डोळे भरले, आणि दोन्ही एकदम आवरता येईना. काकांनी खांद्यावरचा पंचा तिच्याकडे टाकला. त्याला अजून राखेचा वास होता.

"त्यानं मला आयुष्यभर पत्त्यात लुटलं," ते कागदावर वाकत म्हणाले, "आता ही लुटून राह्यली."

सही पार उजवीकडे कलंडली.

"ही चालंल का हो?"

संघपालांनी कागद उचलून लांब धरला. "बँकेत न्हाई चालायची. इथं चालंल."