कोरड्या पोहणारीचा फोटो

क्रीडा मासिक बंद होणार होतं. शेवटच्या अंकात चाळीस वर्षांची सगळी मुखपृष्ठं छापायचं संपादकबाईंनी ठरवलं आणि काम साहजिकच कपाटकाकांच्या गळ्यात पडलं. फोटोंची कपाटं सांभाळता सांभाळता त्यांचं खरं नाव ऑफिस कधीच विसरून गेलं होतं.

सुरुवातीच्या अंकांवर घामाघूम खेळाडू असायचे. पुढे खप घसरला, तशा उन्हाळी अंकावर मॉडेल आल्या. एका वर्षी मात्र खरीखुरी पोहणारी निवडली, तीही दिसायला देखणी म्हणून. फोटोग्राफरने तिला तलावाच्या काठावर कोरडी ठणठणीत उभी केली आणि हातात टेनिसची रॅकेट दिली. अंक हातोहात संपला.

त्या अंकाच्या पाकिटात काकांना एक पत्र सापडलं. मुलीच्या वडिलांचं.

‘माझी मुलगी पोहते. तिच्या हातात रॅकेट कशाला दिलीत? तिचा पाण्यातला एक फोटो छापा. नाहीतर आम्हाला तरी पाठवा, घरात लावायचा आहे.’

कोपऱ्यात ‘उत्तर नको’ असा शेरा होता. अक्षर काकांचंच.

मुखपृष्ठासाठी तिची परवानगी घ्यायची होतीच. दुसऱ्या दिवशी पत्र खिशात घालून ते तिला शोधत गेले. ती आता पन्नाशीची, नगरपालिकेच्या तलावावर मुलांना शिकवत होती. शिट्टी गळ्यात, पाय ओले. तिने उभ्या उभ्या पत्र वाचलं, मग बाकावर बसून पुन्हा वाचलं.

“हे कधी आलं होतं?”

“अंक निघाल्यावर आठवड्याभरात.”

“अंक बघितला आणि बाबा बोलायचेच बंद झाले. मला वाटलं, माझी लाज वाटली त्यांना. मीही हट्टी. मावशीकडे निघून गेले. त्यानंतर अकरा वर्षं जगले ते, काका. अकरा.”

“हा शेरा माझा आहे,” काका म्हणाले. “तेव्हाच्या संपादकसाहेबांनी पत्र माझ्याकडे टाकलं होतं. अशी ढीगभर यायची. मी... वाचलंसुद्धा नव्हतं नीट.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ती रागावेल, रडेल, निदान चार शब्द सुनावेल, अशी तयारी करून ते आले होते. तिने फक्त पत्राची घडी घातली.

“पाण्यातले फोटो आहेत का तुमच्याकडे?”

“नाहीत. काढलेच नव्हते.”

“आणि अंकात काय छापणार?”

“तुम्ही नको म्हणालात तर काहीच नाही.”

“छापा. तेव्हा तरी कुठे विचारलं होतंत, रॅकेट धरशील का म्हणून?”

पलीकडे मुलं थंडीने कुडकुडत रांगेत उभी होती. ती उठली आणि शिट्टी ओठांशी नेली, पण फुंक काही निघेना. शेवटी तिने हातानेच खूण केली आणि मुलांनी धडाधड उड्या मारल्या.

काका फाटकाकडे निघाले. तिने पुन्हा मागे वळून पाहिलं नाही.

महिन्याने शेवटचा अंक घरी आला. बायकोने तो कौतुकाने उघडला आणि रॅकेटवालीच्या फोटोवर बोट ठेवलं. “अगं बाई, ही कोण? छान दिसते. टेनिस खेळायची का?”

“नाही,” काका म्हणाले. “पोहायची.”